धक्क्याजवळची जागा

टेपताईला सगळे टेपताई म्हणतात ते तिच्या गळ्यातल्या मापाच्या टेपमुळे. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की टेप गळ्यात पडते आणि शटर खाली आलं तरी ती तिथंच असते. एकदा ती टेप गळ्यात घालूनच लग्नाला गेली होती. नवऱ्यानं (स्वतःच्या, लग्नातल्या नव्हे) जेवायच्या वेळी ती हळूच काढून खिशात घातली, तर बाई म्हणते कशी, "अहो, माझा गळा मोकळा मोकळा का वाटतोय?"

एकतीस वर्षं ती कपडे शिवते. दवाखान्यातल्या नर्सचे, शाळेतल्या मुलांचे, बँकेच्या दारावरच्या रखवालदाराचे. नवरा काज-बटण करतो आणि गिऱ्हाइकांशी बोलतो, कारण टेपताईला बोलता बोलता कापता येत नाही. कात्री चालवायच्या आधी ती मनातल्या मनात मोजते, ओठ तेवढे हलतात, आणि त्या वेळी तिला कुणी हाक मारलेली खपत नाही. दुकानाला आग लागली तरी ही आधी आकडा पुरा करील आणि मग बाहेर पळेल, असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो.

एवढी वर्षं मशीनवर बसल्याचं बक्षीस म्हणून तिची मान गेली. कापडाचा पसारा कायम सुईच्या डाव्या हाताला, त्यामुळे मान डावीकडे झकास वळते. उजवीकडे वळवायला गेलं की गंजलेल्या बिजागरीसारखी मध्येच अडते. डॉक्टर म्हणाले, पोहायला लागा. सत्तेचाळिसाव्या वर्षी! पण बाई जिद्दीची. दोन महिने नाकातोंडात पाणी घेऊन घेऊन शेवटी तिला पोहता आलं, आणि असं आलं की सोडवेना. फक्त श्वास घ्यायला तोंड पाण्याबाहेर काढायचं ते डावीकडेच. उजवीकडून हत्ती पोहत आला तरी तिला कळायचं नाही.

आता एवढ्यावर थांबली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण जावई मिळाला सायकलवेडा. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेला सगळा वेळ सायकलवर असतो. त्यानंच ट्रायथलॉनचं खूळ घरात आणलं. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं. एकट्यानं तिन्ही करणारे महाभाग असतात. बाकीच्यांसाठी तिघांचा संघ असतो, एकेकानं एकेक वाटून घ्यायचं. लेकीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती पुन्हा धावायला शिकत होती, अगदी पावला-पावलानं. जावई म्हणाला, "आई पोहतील, मी सायकल, ही धावेल. घरचाच संघ." टेपताईच्या नवऱ्याला पाण्याची भीती. बादलीसुद्धा तो जपून उचलतो. त्याला टॉवेल धरायचं काम मिळालं.

गेल्या वर्षी त्यांनी भाग घेतला, आणि काय सांगायचं, हात दाखवून अवलक्षण झालं. तळ्यावर दीडशेएक माणसं, सगळी एकदम पाण्यात शिरणार. जावयानं सल्ला दिला, "आई, मधोमध उभ्या राहा, सगळ्यात जवळचा रस्ता." ती राहिली. भोंगा वाजला आणि पन्नास हात मारले नसतील तोच उजवीकडून, जिकडचं तिला दिसत नाही तिकडून, कुणाची तरी टाच तिच्या तोंडावर बसली. गॉगल गेला. पाणी घशात गेलं. पुढचं तिला नीट आठवतही नाही. एका होडीवाल्यानं तिला दंडाला धरून वर घेतलं एवढं आठवतं. होडीत बसलं की शर्यत संपली. तिची एकटीचीच नाही, तिघांचीही, कारण संघातला पोहणारा बाहेर आल्याशिवाय सायकलवाला निघू शकत नाही आणि सायकलवाला परतल्याशिवाय धावणारा नाही.

होडी काठाला लागली तेव्हा लेक बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारून उभी होती. आठ महिने तिनं तो गुडघा घडवला होता. त्या दिवशी तिला एक पाऊलही धावता आलं नाही. "जाऊ दे गं आई, तू ठीक आहेस ना?" एवढंच ती म्हणाली आणि छातीवरच्या नंबराच्या चार सेफ्टी पिना एकेक करून काढायला लागली. टेपताईनं त्या पिना मागून घेतल्या आणि दुकानात बटणांच्या डब्यात वेगळ्या ठेवल्या. वर्षभर डबा उघडला की त्या दिसायच्या. लेक कधी एका शब्दानं बोलली नाही, हेच टेपताईला फार लागलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून या वर्षी तिनं नाव घातलं तेव्हा जावयाला सरळ सांगितलं, "जावईबापू, तुम्ही सायकल बघा. पाण्याचं मी बघते." तो बिचारा गेल्या वर्षीच्या सल्ल्यापासून तोंड लपवतच होता, तो बरं म्हणाला.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. टेपताईनं तर ताक फुंकायचा कारखानाच काढला. तळ्याच्या एका बाजूला पाणवेली माजल्या म्हणून यंदा पोहायचा मार्ग बदलला होता. नवा नकाशा क्रीडा मंडळाच्या ऑफिसात काचेच्या दारावर लावला होता. फोनवरही होता, पण फोनवरच्या बोटभर चित्रावर भरवसा ठेवणाऱ्यातली ती नव्हे. ती बटर पेपर घेऊन गेली. शिवणाच्या आकृत्या ज्याच्यावर काढतात तोच पातळ, आरपार दिसणारा कागद. दारावर लावून तिनं हवं तेवढंच उतरवून घेतलं: सुरुवातीची रेघ, दोन बोये, म्हणजे पाण्यावर तरंगणारे ते मोठे नारिंगी फुगे, आणि शेवटची कमान. अक्षर एकही नाही. शिवणाच्या आकृतीवर कोण अक्षरं लिहितं?

ती कागद काढत होती तेवढ्यात दुकानातून फोन आला. नर्सबाईंची बाही तोकडी झाली होती. टेपताईनं घाईघाईनं कागदाची घडी घातली आणि धावली.

दुसऱ्या दिवशी कापायच्या टेबलावर कागद पसरून ती बसली. रेघ ऐंशी मीटर लांबीची. पहिला बोया शंभर मीटरवर, आणि तो रेघेच्या डाव्या टोकासमोर. म्हणजे जलद पोहणारे सगळे डाव्या टोकाला खच्चून उभे राहणार, कारण तिथून सरळ जाता येतं. तिनं उलटा विचार केला. आपण उभं राहायचं उजव्या टोकाला. सगळी गर्दी आपल्या डाव्या हाताला, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या बाजूला. उजवीकडे चिटपाखरू नाही. लाथ येणारच कुठून?

फक्त तिरकं पोहावं लागणार होतं. टेपनं मोजून, हिशेब मांडून तिनं काढलं, सुमारे अठ्ठावीस मीटर जास्त. म्हणजे तिच्या हातांना जवळजवळ एक मिनिट. साडेसातशे मीटर ती साडेतेवीस मिनिटांत पोहायची आणि पंचवीस मिनिटांच्या आत बाहेर आलं नाही तर संघ बाद. उरली अर्ध्या मिनिटाची माया. शिवणकामात शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. पुढं उसवावं लागलं तर उपयोगी पडते. अर्धं मिनिट म्हणजे अगदीच बोटभर. तरी लाथ खाण्यापेक्षा बरी, असं ठरवून तिनं उजव्या टोकावर टिकलीएवढी खूण केली. पंधरा दिवस रोज तो कागद ती बघत होती.

शर्यतीच्या सकाळी काठावर आल्या आल्या तिनं बटणांच्या डब्यातल्या त्या चार पिनांनी लेकीच्या छातीवर नंबर लावला. पिना लेकीनं ओळखल्या की नाही कोण जाणे. "नाही जमलं तरी चालेल हं आई," एवढं मात्र ती म्हणाली. प्रेमानंच म्हणाली, पण टेपताईनं शेवटची पिन पुन्हा एकदा दाबून बघितली.

पोहण्याची टोपी चढवून ती उजव्या टोकाकडे निघाली. तिथं लाकडी खांबांचा एक जुना धक्का आहे, पाण्यात पंधरा-वीस पावलं गेलेला. त्याच्या वरून माणसं बघायला उभी राहतात. बघते तर काय, सगळी शर्यत तिथंच लोटलेली. खांद्याला खांदा लावून, हात झटकत, मान मोडत उभी. डावं टोक मात्र ओसाड. शेवटची कमानसुद्धा कागदावर होती तशी उजवीकडे नव्हे, डावीकडे बांधलेली. टेपताईला वाटलं, हे लोक चुकलेत. अख्खी दीडशे माणसं चुकलीत, कमान बांधणारेही चुकलेत, एकटी आपण बरोबर. हसू नका, कागद हातात असला की माणसाला असंच वाटतं.

"अहो, कागद काढा जरा," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून, तळ्याकडे पाठ करून उभा होता. पाणी नजरेलाच नको म्हणून. त्यानं खिशातून कागद काढला, उलगडला आणि वाचायला सोपं जावं म्हणून तोंडासमोर उंच धरला. त्याच्या पाठीमागं तळं, तळ्यावर नुकतं वर आलेलं ऊन. ते ऊन कागदातून आरपार आलं आणि टेपताईला कागदाची पलीकडची बाजू लख्ख दिसली. पहिला बोया उजवीकडे. कमान डावीकडे. समोरच्या तळ्यासारखंच हुबेहूब.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. कागद पंधरा दिवस उलटा बघितला होता. एकतीस वर्षांत तिनं एकही आकृती कपाटात ठेवताना सुलट बाजूवर खडूची फुली मारायची चुकवली नव्हती. उलट-सुलट झालं की दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघतात, हे शिकाऊ पोरींना ती कान धरून सांगायची. आणि स्वतः, एका बाहीच्या फोनपायी, फुली विसरली.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही. धरा तो टॉवेल," ती म्हणाली. सांगून उपयोग काय? भोंग्याला सात मिनिटं उरली होती.

पहिल्यांदा तिला वाटलं, सरळ डाव्या टोकाला जावं. तिथं कुणी नाही. ती निघालीसुद्धा. गुडघाभर पाण्यातून अर्ध्यापर्यंत गेली आणि थांबली. डावीकडून निघालं तर तेच तिरकं अंतर, तेच एक मिनिट जास्त. आणि बोयापाशी सगळे भेटणार ते उजवीकडून. गेल्या वर्षीची टाच तिथूनच आली होती. उभ्या उभ्या तिचा गाल दुखायला लागला.

मग ती वळून उजवीकडे बघायला लागली. मानेनं नाही, सगळं अंग वळवून. तिथं गर्दी होती खरी. पण गर्दीच्या उजव्या हाताला धक्का होता, आणि धक्क्याच्या खांबांतून काही कुणी पोहत येत नाही. खांबाला खेटून उभं राहिलं तर उजवी बाजू बंद. पुढं गर्दी आहे ती जाऊ द्यावी. भोंगा वाजला तरी निघायचंच नाही. दहा मोजायचे. दहा आकड्यांत एवढे सगळे हात-पाय पुढं निघून जातील, आणि बोया तर नाकासमोर. जादा अंतराचं एक मिनिट वाचलं, खर्च झाले दहा आकडे. दीड मिनिटाची माया उरते, त्यातून दहा आकडे गेले तर काय बिघडलं?

हिशेब चोख होता. पण भोंगा वाजल्यावर उभं राहायचं म्हणजे काठावरच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहायचं. लेक बघत असणार. तिला वाटणार, आई पुन्हा घाबरली. हा विचार टेपताईला पाण्यापेक्षा जड गेला. तरी ती परत आली, "जरा सरका हो" करत शेवटच्या रांगेत शिरली आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या खांबावर उजवा हात ठेवून उभी राहिली.

भोंगा वाजला.

पाणी एकदम पांढरं झालं. हात, कोपर, टाचा, नुसता कल्लोळ. तिनं खांब धरून ठेवला. एक. दोन. होडीवाल्यानं तिच्याकडे बघितलं. नेमका गेल्या वर्षीचाच, आणि त्यानं बहुधा ओळखलंही, कारण तो वल्हं मारत तिच्या दिशेनं यायला लागला. चार. पाच. "बाई, या, बसा होडीत," तो म्हणाला. तिनं जोरात मान हलवली, डावीकडच्या डावीकडे. आकडा चालू होता, तोंडानं बोलणं शक्यच नव्हतं. आठ. नऊ. धक्क्यावर कुणीतरी काहीतरी म्हणालं, ते तिला ऐकू आलं नाही.

दहा म्हटल्यावर तिनं खांब सोडला.

आणि पाणी मोकळं होतं. अहो, खरंच मोकळं. पुढं फेस होता, पण तो लांब चालला होता. उजवीकडे काही नाही. डावीकडे श्वासाला तोंड काढलं की निळं आकाश आणि मध्येच एखादी टोपी, ती दिसत होती तेवढ्यानंच बरं वाटत होतं. बोया समोर मोठा मोठा होत गेला. त्याला वळसा घालताना तिला कळलं की वळायचंय डावीकडे, म्हणजे पुढचा बोयाही तिच्या दिसणाऱ्या बाजूला. सुंठीवाचून खोकला गेला! पंधरा दिवसांच्या अक्कलहुशारीत हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मधल्या लांब पट्ट्यात तिनं तिघांना मागं टाकलं. पैकी एक बेडकासारखा सावकाश पोहत होता, तो भाग निराळा.

कमानीखाली ती धडपडत बाहेर आली तेव्हा वरच्या घड्याळात तेवीस मिनिटं आणि चाळीस सेकंद झाले होते. जावई खाली वाकलाच होता. वेळ मोजायचा पट्टा त्यानं तिच्या घोट्यावरून ओढून काढला, आपल्या पायाला बांधला, आणि सायकलवर टांग टाकून गेला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं नवरा नंतर म्हणाला, पण नवऱ्याचं काय, त्याच्या स्वतःच्याच डोळ्यांत होतं.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते टेपताईला त्या दिवशी कळलं. ती काठावर बसली आणि हसत राहिली. नवऱ्यानं टॉवेल दिला तो चिंब ओला होता.

"हा कसा भिजला?" तिनं विचारलं.

"पाण्यात पडला," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. त्याची विजारही गुडघ्यापर्यंत ओली होती.

लेक शेजारी येऊन बसली. सायकल परत यायला पाऊण तास होता. टेपताईला आधी एकच गोष्ट सांगायची होती. "मी घाबरून नव्हते थांबले गं."

"माहीत आहे," लेक म्हणाली. "मी धक्क्यावर होते, अगदी तुझ्या डोक्यावर. बाबा माझ्या शेजारी, पाण्याकडे पाठ करून. सारखे विचारत होते, काय करतेय, काय करतेय. होडीवाला आला तेव्हा लोक म्हणाले, घाबरली बिचारी. मी बाबांना म्हटलं, नाही, ती मोजतेय. ओठ हलतायत. कापायच्या आधी मोजते तशी." तिनं वडिलांकडे बघितलं. "तेव्हा ते वळले. तू निघालीस तशी काठाकाठानं पाण्यातून तुझ्याबरोबर चालत आले, थेट कमानीपर्यंत."

टेपताईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो टॉवेल पिळण्यात फार गुंतलेला होता.

"एकतीस वर्षं तुझे ओठ बघतोय," तो पुटपुटला. "तू मोजलंस की मग चुकत नाहीस."

कागदाचं तिनं त्याला तेव्हा सांगितलं नाही. ते घरी गेल्यावर सांगितलं, आणि त्यानं ते आठवड्याभरात सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं.

पाऊण तासानं जावई आला, घामानं निथळत. लेक उठून उभी राहिली. पट्टा तिच्या घोट्यावर बसला, ती वळली आणि निघाली. आधी जपून, मग जरा मोकळी, मग मोठी मोठी पावलं टाकत, ऑपरेशन झालेल्या पायावर भार देत. टेपताई उठली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. लेकीचं एकेक पाऊल ती मोजत होती, आणि वळणावर लेक दिसेनाशी झाली तरी तिचे ओठ हलतच होते.